अंगणातली जीप आणि कागदावरची जीप

घरातला कर्ता माणूस गेला की चाळिसावा होईपर्यंत घराचा, शेताचा, बँकेतल्या पैशांचा विषय कोणीतरी काढतोच. दागिन्यांचा तर त्याआधीच निघतो. गाडीचा विषय मात्र मागे राहतो. स्कूटर असेल तर धाकटा मुलगा ती चालवत राहतो, मोटार असेल तर ती थोरल्याच्या दाराशी जाऊन उभी राहते, आणि कागदावर मालक म्हणून मरहूमांचे नाव वर्षानुवर्षे तसेच असते. मग एखाद्या दिवशी चौकात पोलीस गाडी अडवतो, किंवा देव न करो, गाडीखाली कोणी येते, तेव्हा सगळ्यांना आठवते की ही गाडी आपल्या नावावर नाहीच.

या महिन्यात आम्ही गाडीच्या कागदांवर लिहिणार आहोत, आणि तेही जुन्या गाडीच्या. निमित्त एका जीपचे आहे. मास्तर माणसाकडे मोहल्ल्यातले लोक मुलांच्या गुणपत्रिकेपेक्षा सरकारी फॉर्मच जास्त घेऊन येतात, हे शिक्षकी पेशातल्या वाचकांना सांगायला नको. उर्दू शाळेत शिकवणारा आणि मराठी अर्ज लिहू शकणारा माणूस मिळाला की लोक त्याला सोडत नाहीत. आमचे रविवार असेच जातात, आणि खरे सांगायचे तर त्याचा आम्हाला कंटाळा नाही.

नागपूरच्या एका जुन्या वस्तीतले हे कुटुंब. वडील मिस्त्री होते. गॅरेज छोटे, पण हात असा की दूरदूरच्या ट्रकवाल्यांना त्यांचे नाव ठाऊक. घरात त्यांची स्वतःची एक जीप, १९६८ सालची, उंच बोनेटवाली महिंद्रा. ती मुळात पेट्रोलवर चालणारी. १९८४ साली मिस्त्रींनी तिचे इंजिन काढून डिझेलचे बसवले आणि त्यानंतर चाळीस वर्षे ती त्याच इंजिनावर चालली. ताजबागच्या उर्सात त्या जीपमधून देगी गेल्या, मुलींची वऱ्हाडे गेली, मोहल्ल्यातल्या किती बायका बाळंतपणासाठी रात्रीबेरात्री तिच्यातूनच दवाखान्यात गेल्या. मिस्त्री गेले. मागे बेवा, दोन मुलगे, दोन मुली. थोरला मुलगा आमचा जुना विद्यार्थी. तो एका संध्याकाळी आला आणि म्हणाला, “सर, अब्बूंची जीप व्हिंटेजमध्ये नोंदवायची आहे. वीस हजार भरले की होते म्हणतात.”

वीस हजारांचा आकडा बरोबर आहे. बाकीचे तितके सरळ नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीची स्वतंत्र सोय केली. पहिल्या विक्रीनंतरची पहिली नोंदणी होऊन ५० वर्षांहून जास्त काळ झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली, अशी गाडी व्हिंटेज. अर्ज फॉर्म २० मध्ये करायचा. सोबत विमा, फी आणि गाडी आधी भारतात नोंदलेली असेल तर जुने आरसी बुक. परदेशातून आणलेली असेल तर कस्टमचा बिल ऑफ एंट्री. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढे फेरनोंदणीची ५,०००. नोंदणी दहा वर्षांची. कार्यालयाने ६० दिवसांत फॉर्म २३-ए मध्ये प्रमाणपत्र द्यावे, असे नियम म्हणतो. ज्या गाडीचा जुना नंबर आहे तिला तो ठेवता येतो, ही त्यातली सर्वांत गोड गोष्ट. ज्यांना नवा नंबर घ्यावा लागतो त्यांच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, म्हणजे आपल्याकडे ‘एमएच व्हीए’ आणि पुढे मालिका व क्रमांक.

बदल्यात एक अट आहे आणि ती लोक वाचतच नाहीत. व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, व्हिंटेज रॅली, तिथे जाणे-येणे, पेट्रोल भरणे, दुरुस्तीला नेणे, एवढ्यापुरतीच. म्हणजे देगी नाही, वऱ्हाड नाही, आणि लग्नात नवरदेवासाठी भाड्याने देणे तर मुळीच नाही. दिल्लीत स्टेट्समन या वर्तमानपत्राची व्हिंटेज रॅली १९६४ पासून भरते, तशा ठिकाणी मिरवायची गाडी, असा हा हिशेब आहे. ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे, गॅरेज आहे, सवड आहे, त्याला हे शोभते. आमच्या विद्यार्थ्याकडे एक मोटारसायकल आहे आणि गॅरेजच्या अर्ध्या जागेचे भाडे थकलेले आहे.

पण खरी अडचण अटीच्या आधीच उभी होती. मूळ स्वरूप. आमच्या उर्दूत ‘असल’ आणि मराठीत ‘अस्सल’. ही जीप अस्सल आहे का? मिस्त्रींच्या मुलाला हा प्रश्न विचारताना आम्हालाच अवघड वाटले. त्याच्या लेखी ती जगातली सर्वांत अस्सल जीप. नियमाच्या लेखी १९८४ सालीच तिची असलियत गेली.

या जीपचा वंश पाहिला तर अस्सल हा शब्द आणखीच गमतीचा होतो. जीप हा मुळात अमेरिकी लष्कराचा, विलीज कंपनीचा माल. १९४५ साली आपल्याकडे महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्याबरोबर कंपनी काढली, तिचे नाव होते ‘महिंद्रा अँड महंमद’. फाळणी झाली, गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलही. कंपनीचे नाव १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. अक्षरे तीच राहिली, एमअँडएम. तोवर मुंबईत विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात झाली होती. म्हणजे जिला आपण आज मूळ म्हणतो ती गाडीसुद्धा दुसऱ्या देशातून येऊन इथल्या कामगारांच्या हातून घडली.

आणि मिस्त्रींनी इंजिन बदलले ते हौसेने नव्हे. १९७३ नंतर पेट्रोल महागले आणि ज्यांची गाडी कामाची होती त्यांचे कंबरडे मोडले. जीपचे चार सिलिंडरचे जवळपास २२०० सीसीचे हरिकेन इंजिन दणकट, पण पेट्रोलला भुकेले. डिझेल स्वस्त होते. म्हणून विदर्भातच काय, देशभर अॅम्बॅसिडर आणि जीपमध्ये डिझेल इंजिने बसू लागली. मॅटाडोरचे इंजिन त्यासाठी फार चालायचे. हे काम सोपे नव्हे. डिझेल इंजिन जड, त्याचा हादरा वेगळा. माउंटिंग नव्याने बनवायचे, गिअरबॉक्सशी जोड बसवायचा, रेडिएटर पुढेमागे करायचा, सायलेन्सर वळवायचा. कंपनीने दिलेला नकाशा नाही, फक्त लोखंड, वेल्डिंग आणि डोळ्यांचा अंदाज. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुलांनी शाळा सोडून हे शास्त्र गॅरेजमध्ये शिकून घेतले. त्याचे प्रमाणपत्र कोणी दिले नाही. चाळीस वर्षे चाललेली जीप हेच त्याचे प्रमाणपत्र.

तरीही कायदा इतका कडक का, हे मुलाला समजावणे आम्हाला भाग होते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कंपनीने ठरवलेला तपशील आणि आरसीवरचा तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांचे मंजूर किट बसवण्यासारखे काही अपवाद आहेत. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले, रंग बदलण्यासारखी किरकोळ बाब सोडून. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. कारणही खोटे नाही. पुढे जड इंजिन बसले की पुढच्या चाकांवरचा भार वाढतो, पण ब्रेक मात्र जुन्याच ड्रमचे असतात. मिस्त्री हुशार असेल तर हे जाणतो. सगळे मिस्त्री हुशार नसतात. रस्त्यावर चालणाऱ्या पोराला समोरून येणाऱ्या जीपचा मिस्त्री कोण होता, हे कळायची सोय नाही.

बाहेरच्या देशांत या पेचातून वाट कशी काढतात, ते पाहण्याजोगे आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात क्लब परमिटची पद्धत आहे. गाडी २५ वर्षांहून जुनी हवी, मालक मान्यताप्राप्त क्लबचा सभासद हवा, आणि वर्षातून ४५ किंवा ९० दिवस गाडी चालवायची मुभा. सोबत एक वही मिळते. ज्या दिवशी गाडी काढायची त्या दिवशी निघण्याआधी वहीत तारीख लिहायची. रॅलीच हवी असे नाही, बाजारातही जा, पण दिवस मोजून. गाडीत मोठे बदल असतील तर मान्यताप्राप्त इंजिनिअरचे प्रमाणपत्र आणा आणि परमिट घ्या. म्हणजे बदलला म्हणून दार बंद नाही, बदल नीट झाला आहे का एवढे तपासतात. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणी माफ आहे. गाडीत मोठा बदल असेल तर माफी नाही, मात्र बदल मोजताना मागची ३० वर्षेच पाहतात. त्याआधीचा बदल हा गाडीच्या इतिहासाचाच भाग धरला जातो. जर्मनीत ३० वर्षांनंतर जुन्या गाडीला नंबराच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळते.

ब्रिटनचा तो ३० वर्षांचा हिशेब आम्हाला फार आवडला. १९८४ चा बदल तिथे इतिहास ठरला असता. आपल्या नियमात ५० वर्षांच्या खाली काहीच नाही. १९८५ ची पद्मिनी, १९९० ची अॅम्बॅसिडर, यांना ना व्हिंटेजचा मान ना वेगळी सोय. आणि ५० वर्षांच्या वर गेलेली, पण गरीब माणसाने पोटासाठी चालती ठेवलेली गाडी बाहेर. राजवाड्यातल्या मोटारी मूळ स्वरूपात राहिल्या, कारण त्या फारशा चालल्याच नाहीत. आमच्या मते नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर राजवाडे होते, गॅरेज नव्हते. इंजिनिअरच्या तपासणीची अट घालून जुन्या बदलांना वाट देता आली असती. पण आज नियम जसा आहे तसाच वाचावा लागतो.

मुलाला हे पटेपर्यंत चहा दोनदा झाला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, या वेळी थोडा उजळलेला. कोणीतरी त्याला सांगितले होते की भंगारातून हरिकेनचा ब्लॉक मिळवून देतो, त्यावर जुना इंजिन नंबर ठोकून देतो, फोटो काढू, फाइल पास झाली की डिझेलचे इंजिन परत बसवू. सगळे मिळून अमुक हजार. आम्ही त्याला विचारले, “नंबर ठोकणारा माणूस अर्जावर सही करणार आहे का?” तो गप्प झाला. अर्जावर सही त्याची असणार, खाली ‘वरील माहिती खरी आहे’ असे लिहिलेले असणार. इंजिनावरचा किंवा चासीवरचा नंबर घासणे-ठोकणे हा चोरांच्या धंद्यातला प्रकार आहे. पकडले गेले तर बनावट दस्तऐवजाचा गुन्हा. पकडले गेले नाही तरी मिस्त्रींनी आयुष्यभर ज्या हातोड्याने कमाई केली, त्याच हातोड्याने त्यांच्या जीपवर खोटे कोरायचे? हे दुसरे वाक्य आम्ही मनात ठेवले. त्याचा चेहरा पाहून ते बोलायची गरज वाटली नाही.

मग आम्ही म्हटले, आधी आरसी बुक आण.

ते ट्रंकेत होते, प्लास्टिकच्या पिशवीत, राशन कार्ड आणि निकाहनाम्याच्या घडीत. जुन्या पद्धतीचे, हाताने लिहिलेले पुस्तक, तीन अक्षरी मालिकेचा नंबर. १ जुलै १९८९ पासून आजचा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि हळूहळू ‘एमएच’चे नंबर आले. नागपूर शहर ३१, ग्रामीण ४०, पूर्व ४९. त्याच्या आधीचे हे पुस्तक. पानापानावर शिक्के. कर भरल्याचे, तपासणीचे, पत्ता बदलल्याचे. आणि एका पानावर जांभळ्या शाईचा फिकट शिक्का, त्याखाली नवा इंजिन नंबर, इंधन डिझेल, १९८४ ची तारीख आणि सही.

आम्ही ते पान दोनदा वाचले. १९३९ च्या जुन्या कायद्यातही गाडीत बदल करायचा तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून मंजुरी घेण्याची तरतूद होती. शेकडो लोकांनी ती पाळली नाही. या चौथी शिकलेल्या मिस्त्रीने पाळली होती. जीप व्हिंटेज होणार नाही, पण ती बेकायदाही नाही. अंगणातली जीप आणि कागदावरची जीप एकच आहे.

वाचकहो, तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर एजंटकडे जाण्याआधी हे एवढे करा. आरसी बुकचे प्रत्येक पान उजेडात धरून वाचा. इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, आसने, रंग. मग गाडीपाशी जाऊन तेच नंबर कापडाने पुसून वाचा. जुळले तर अर्धी लढाई जिंकली.

व्हिंटेजची वाट बंद झाल्यावर या जीपला उरली साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाची वाट. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी, तपासणीत गाडी धड निघाली तर, वाढवून मिळते. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात घालावीच लागते, हा गैरसमज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. तो आला दिल्लीच्या बातम्यांतून. दहा वर्षांवरचे डिझेल आणि पंधरा वर्षांवरचे पेट्रोल यांच्यावरची बंदी दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी आहे, नागपूरसाठी नाही. पंधरा वर्षांनंतर मोडीत निघतात त्या सरकारी खात्यांच्या गाड्या, २०२३ पासून. भंगारवाले या गैरसमजाचा फायदा घेतात. या जीपलाही एकाने “आता ही चालतच नाही, कायदा आला आहे” असे सांगून लोखंडाच्या भावात मागितले होते.

खर्च मात्र वाढला आहे. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये आहे, मोटारसायकलची २,०००. २०२२ च्या एप्रिलपूर्वी मोटारीला ही फी ६०० रुपये होती, हे वाचून कोणालाही घाम फुटेल. मुदत संपल्यावर उशीर केला तर मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये जास्त, म्हणजे वर्षाचे ६,०००. महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आहे तो वेगळा, आणि डिझेलला तो पेट्रोलपेक्षा अधिक. विमा, पीयूसी. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट, मोटारीसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी. आणि हाताने लिहिलेले पुस्तक असेल तर नंबर संगणकावर दिसतच नाही. तो आधी चढवून घ्यावा लागतो, त्याला कार्यालयात ‘बॅकलॉग एंट्री’ म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा. ते न कळल्यामुळे माणसे चार-चार फेऱ्या मारतात.

पण या सगळ्याच्या आधी मालक कोण, हे ठरायला हवे. आणि इथेच घरात आवाज चढले.

कायदा सांगतो की मालक वारला तर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावे. तसे कळवले तर तीन महिने तो गाडी वापरू शकतो. त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ मध्ये आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज करावा. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत. आमच्या विद्यार्थ्याने स्टॅम्पपेपर आणला होता. त्यावर दोन्ही बहिणींच्या सह्यांसाठी जागा सोडलेली होती. धाकटी बहीण कामठीला राहते, ती आली, तिने कागद वाचला आणि विचारले, “भाईजान, जीपची किंमत किती लिहिली आहे?”

किंमत कुठेच लिहिलेली नव्हती. भाऊ दुखावला. तो म्हणाला, मी काय जीप विकून खाणार आहे? ती म्हणाली, मग माझा हिस्सा किती, ते तरी सांगा, नंतर मी माफ करायचे की नाही ते मी ठरवीन.

आम्ही तिच्या बाजूने बोललो, आणि इथेही बोलतो. ना-हरकत देणे म्हणजे हिस्सा सोडणे नव्हे. आरसीवर एकाचे नाव लागते, कारण दंड कोणाला करायचा हे सरकारला एका नावाने हवे असते. त्यामुळे बाकीच्या वारसांचा हक्क आपोआप संपला असे कोणी समजू नये. मीरास म्हणजे फक्त घर आणि जमीन नव्हे. मय्यतीने मागे ठेवलेली सुई असली तरी तिच्यात हिस्से आहेत. कफन-दफनचा खर्च, कर्ज आणि वसियत असेल तर तीही फेडून जे उरेल त्यात बेवेचा आठवा हिस्सा, आणि बाकीचे मुलगा दोन भाग, मुलगी एक भाग. या घरात एकूण ४८ भाग धरले तर आईचे ६, प्रत्येक मुलाचे १४, प्रत्येक मुलीचे ७. जीपची किंमत समजा ९६,००० ठरली, तर आईला १२,०००, मुलांना २८,००० आणि मुलींना १४,०००. पाचवीतला मुलगा करील इतके सोपे गणित आहे. आम्ही ते स्टॅम्पपेपरच्या मागे पेन्सिलीने करून दाखवले. कठीण आहे ते बहिणीच्या तोंडावर हा आकडा म्हणणे. ‘बहिणी काही मागत नाहीत’ असे भाऊ अभिमानाने सांगतात. त्यांना आकडा सांगितलाच नसेल तर त्या मागणार काय?

आई आतून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली की गॅरेजच्या माणसाला बोलावून किंमत करा, घरातल्या कोणी करू नका. तसे केले. दोन गॅरेजवाल्यांनी वेगवेगळी किंमत सांगितली, त्यातली वरची धरायची असे थोरल्याने स्वतःहून म्हटले. मोठ्या बहिणीने आपला हिस्सा भावाला बक्षीस दिला, आकडा कळल्यावर आणि लेखी. धाकटीने दिला नाही. ती म्हणाली, मला मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे, तीन हप्त्यांत द्या. धाकटा भाऊ जीप विकायच्या बाजूचा होता, त्याचाही हिस्सा थोरल्यानेच घ्यायचा ठरला. आईने आपला भाग जीपमध्येच ठेवला. म्हणाली, मला मागच्या सीटवर जागा ठेवा म्हणजे झाले. आमच्या पाहण्यात तरी बहिणीने हिस्सा घेतला म्हणून त्या घरात चुलीला काही झाले नाही. पुढच्या रविवारी ती मुलांसह माहेरी जेवायला होती.

नवा मालक ठरल्यावर थोरल्याने आम्हाला विचारले की इतके पैसे घालण्यात शहाणपण आहे का. फी, कर, प्लेट, विमा, ब्रेकचे काम आणि भाऊबहिणींचे हिस्से मिळून मोठी रक्कम होते. तेवढ्यात जुनी छोटी मोटार येईल. आम्ही हो-नाही काही म्हटले नाही. गाडी नुसती अंगणात ठेवायची असेल तर फी भरायची गरज नाही, पण मग ती रस्त्यावर आणायची नाही, दहा पावलेही नाही. मुदत संपलेल्या नोंदणीवर चालवली तर पहिल्या वेळी दोन ते पाच हजार दंड, विमा नसेल तर त्याचा वेगळा. आणि अपघात झाला तर भरपाई स्वतःच्या खिशातून. तिथे वर सांगितलेले सगळे आकडे चिल्लर वाटतील. कायमची मोडीत काढायची असेल तर नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी, प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. कोपऱ्यावरच्या कबाड्याला विकली आणि आरसी तशीच राहिली तर त्या नंबरावर उद्या काय फिरेल, सांगता येत नाही.

त्याने विचार केला आणि तिसऱ्या दिवशी ब्रेक उघडले. वडिलांच्या गॅरेजमध्येच, वडिलांच्या जुन्या कारागिराबरोबर. पुढच्या दोन्ही ड्रमना लाइनर नवे घातले, मास्टर सिलिंडर बदलला. त्या कारागिराचे म्हणणे असे की १९८४ मध्ये मिस्त्रींनी पुढचे पाटेही एक-एक वाढवले होते, इंजिनाचे वजन ओळखून. ते आरसीत नाही, तपासणीत कोणी विचारणार नाही. फॉर्म ३१ चा अर्ज गेला आहे, बॅकलॉग एंट्री झाली आहे, धाकट्या बहिणीचा पहिला हप्ता पोचला आहे. तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. हँडब्रेकची केबल मात्र अजून सापडलेली नाही. या जीपची कोणा वाचकाच्या गॅरेजमध्ये पडलेली असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवावे.